दारू सुटली, धसका राहिला

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आषाढी एकादशीला पंढरपुरात नाहीतर गावच्या देवळात माळ घालायची आणि त्याच दिवसापासून दारू बंद करायची, हा बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या अनेक घरांनी धरलेला जुना मार्ग आहे. माळेबद्दल आम्हाला आदर आहे. माळेमुळे संध्याकाळी सात वाजता बसायला जागा मिळते, हातात टाळ येतो, आणि 'घे की गा जरा' म्हणणाऱ्याला एका शब्दात उत्तर देता येते. पण माळ घातल्यावर पहिल्या चार दिवसांत शरीरात काय होते आणि पुढच्या तीन महिन्यांत घरात काय होते, हे घरच्यांना कुणी सांगत नाही. 26 जूनला अमली पदार्थविरोधी दिनी शपथा होतात, फेऱ्या निघतात, छायाचित्रे छापून येतात. आमचे पत्र त्या छायाचित्रानंतरच्या दिवसांबद्दल आहे. लांब झाले आहे; दोन भागांत छापले तरी चालेल, पण कृपया आकडे कापू नयेत.

आधी पहिले चार दिवस, कारण चूक झाली तर जीव इथेच जातो. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी झुंजत स्वतःला सतत ताणून धरायला शिकलेला असतो. दारू एकदम थांबली की गुंगी जाते, ताण तसाच राहतो. शेवटच्या घोटानंतर 6 ते 8 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. 12 ते 48 तासांत फिट येऊ शकते. काहींना 48 ते 96 तासांच्या दरम्यान भ्रम होतो: भिंतीवर किडे चालताना दिसतात, वारलेला चुलता दारात उभा दिसतो, घरची माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावते. म्हणजे दशमीच्या रात्री शेवटचा पेला घेतलेल्या माणसाला हे द्वादशीच्या रात्रीपासून चतुर्दशीपर्यंत कधीही होऊ शकते. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं. मग देवऋषी, अंगारा, लिंबू, आणि त्यात हातचे दोन दिवस जातात. ही बाधा नव्हे, दारू थांबल्याचा हा आजार आहे. उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो; वेळेत मिळाल्यास बहुतेक जण आठवड्याभरात सावरतात.

म्हणून ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला घोट लागतो, ज्याला पूर्वी कधी दारू थांबल्यावर फिट किंवा भ्रम झाला आहे, ज्याला कावीळ, साखर किंवा हृदयाचा त्रास आहे, त्याने घरी एकदम दारू सोडू नये. माळ एकादशीलाच घालावी, पण चार दिवस आधी डॉक्टरांना भेटावे. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, यकृत खराब असेल तर लोराझेपाम देतात आणि साधारण 5 ते 7 दिवसांत मात्रा उतरवत बंद करतात. या गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणून देऊ नयेत. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो, आणि महिनोन्‌महिने चालू राहिल्या तर त्यांचीच सवय जडते.

डॉक्टरांनी विचारल्यावर 'थोडी घेतो' हे उत्तर उपयोगाचे नाही. क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे 61 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. 10 ग्रॅमचे एक माप धरले तर ही सहा मापे झाली. 90 चे टेट्रा पाकीट हातात एवढेसे दिसते, ती तीन मापे. 650 मिलिलिटरची 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर चार मापे. 1 जुलै 2007 पासून कर्नाटकात सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद झाली, पण पिणारे थांबले नाहीत, ते या पाकिटांकडे वळले. तेव्हा किती पाकिटे, पहिले किती वाजता आणि शेवटचे किती वाजता, एवढे कागदावर लिहून न्यावे. गोळीची मात्रा त्यावर ठरते.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली घडी केलेले कापड ठेवावे, घड्याळ बघावे. तोंडात चमचा घालू नये, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नये, पाणी पाजू नये. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लगेच दुसरी आली तर 108 ला फोन करावा. आणखी एक चूक फार होते. अशक्तपणा आला म्हणून गावातल्या दवाखान्यात थेट ग्लुकोजची बाटली चढवली जाते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, जवळजवळ उरलेले नसते. ते आधी न देता ग्लुकोज दिले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते: गोंधळ, डोळ्यांची विचित्र हालचाल, चालताना झोक जाणे. 'आधी थायमिन दिले का?' हा प्रश्न नातेवाइकांनी न लाजता विचारावा.

आणि नकळत दिलेली पावडर. चहातून, भाकरीच्या पिठातून 'दारू सोडवण्याचे औषध' देणारी घरे आहेत. त्यात अनेकदा डायसल्फिराम असते. हे औषध दारूचे शरीरातले पचन मध्येच अडवते आणि विषारी अंश साठतो. त्यावर दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा रोगी यात मरू शकतो. शेवटच्या गोळीनंतर 14 दिवसांपर्यंत परिणाम राहतो. माणसाने स्वतः समजून, तपासण्या करून, रोज घरच्यांसमोर घेतले तर हेच औषध चांगला आधार देते; मात्र खोकल्याचे काही सिरप आणि द्राक्षासव, अशोकारिष्ट यांसारखी आसवे-अरिष्टेही त्या काळात टाळावी लागतात. चोरून दिले तर ते विषप्रयोगासारखे होते. शिवाय कधीतरी ते कळतेच, आणि मग घरात शिजलेल्या अन्नावरचा विश्वासही जातो.

इतके सांभाळले की दारू शरीरातून जाते. पुढचे काम अवघड आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ काहीच बोलले जात नाही.

मराठीत 'धसका' हा नेमका शब्द आहे. घाव भरतो, धसका राहतो. लहानपणी बापाच्या पट्ट्याने खाल्लेला मार, ओळखीच्याच माणसाने केलेले लैंगिक अत्याचार, ऑगस्ट 2019 च्या पुरात डोळ्यांदेखत वाहून गेलेली जनावरे, कर्जापायी भावाने घेतलेले विष, सीमेवर सोबत्याचा झालेला तुकडा-तुकडा. अशा गोष्टी मनाच्या साध्या आठवणींत जमा होत नाहीत. शरीर त्यांना 'अजून चालू असलेले संकट' म्हणून धरून ठेवते. त्यामुळे फटाका वाजला की माणूस दचकतो, रात्री दोनला घामाने भिजून उठतो, गर्दीत पाठ भिंतीला लावून बसतो. दारू हा धसका काही तास झोपवते, म्हणून अशा माणसाला ती औषध वाटते. अमेरिकेत सुमारे साडेनऊ हजार प्रौढांचा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. बालपणात मारझोड, अत्याचार, घरातले व्यसन अशा चार किंवा अधिक प्रकारच्या गोष्टी भोगलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, नशा, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी जास्त आढळला. प्रत्येक पिणाऱ्यामागे असा घाव असतोच असे नाही, आणि घाव असलेला प्रत्येक जण पीत नाही. पण विचारल्याशिवाय कळतही नाही.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचे गाव, म्हणून निवृत्त सैनिकांबद्दल वेगळे लिहितो. पस्तिशी-चाळिशीत माणूस गावी परत येतो. युनिट सुटलेले, दिवसाचा आखलेला क्रम सुटलेला, आणि हातात कॅन्टीनच्या दारूचा कोटा. त्याचे न झोपणे 'फौजी शिस्त' म्हणून आणि त्याचा राग 'फौजी ताठा' म्हणून खपून जातो. ज्यांच्याकडे ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड आहे त्यांना त्यावर मानसोपचारही मिळतो. कोट्याची बाटली नातेवाइकांसाठी आणून घरातल्या कपाटात ठेवण्याची रीत मात्र बंद झाली पाहिजे. सोडणाऱ्या माणसाच्या घरात दारूचा साठा नको, मग तो कुणाच्याही नावचा असो.

दारू थांबली की झोपवलेला धसका जागा होतो. स्वप्ने परत येतात. झोप नीट बसायला कित्येक आठवडे, काहींना महिने लागतात. मूठ आवळलेली, आवाज चढलेला, जेवणात चव नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घरातून एक वाक्य ऐकू येते: 'यापेक्षा पीत होता तेच बरं होतं.' ते वाक्य माणसाला परत बारमध्ये नेऊ शकते. चिडचिड म्हणजे उपचार फसला असे नाही, पण ती दोन-तीन आठवडे उतरतच नसेल, बायकोवर सतत संशय असेल, मरणाच्या गोष्टी चालू झाल्या असतील तर थांबू नये, त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. संशय हा वर्षानुवर्षे दारू पिण्यातून होणारा एक ठरलेला आजार आहे आणि त्यावर औषध आहे. शेतीची विषारी औषधे या काळात घरात नकोत. ती शेतातल्या खोलीत कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी.

धसका कळला म्हणून तो लगेच उकरूही नये. 'काय झालं होतं ते सांगून मोकळा हो' असे भावकीतला थोरला आग्रहाने म्हणतो, तेव्हा हेतू चांगला असतो. पण महिनाभरापूर्वी दारू सोडलेल्या माणसाला जुना प्रसंग तपशिलाने सांगायला लावला तर तो सगळा प्रसंग अंगात परत जागा होतो आणि तो शमवायचा एकच मार्ग त्याला ठाऊक असतो. आधी झोप, वेळेवर जेवण, ठरलेला दिनक्रम, सुरक्षित घर. त्या जुन्या गोष्टीवरचे उपचार नंतर, ते शिकलेल्या माणसाकडे. तोवर घरी करता येण्यासारखे एवढेच: धसका उसळला की दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बसायचे, गार पाण्याने तोंड धुवायचे, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यायची, मग ऐकू येणारे तीन आवाज. हास्यास्पद वाटते, पण 'आता मी कुठे आहे' हे शरीराला कळायला त्याची मदत होते. पिण्याची तलफही अशीच लाटेसारखी येते. बहुतेकदा 20 ते 30 मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ जागा बदलायची, काही खायचे, कुणाला तरी फोन करायचा. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपैकी दोन एकत्र आले की ती लाट मोठी होते. संध्याकाळी सहाला फाउंड्रीतून उपाशी निघालेल्या माणसाच्या खिशात शेंगदाणे-गूळ असणे हा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत उपचाराचाच भाग आहे.

आता घरच्यांचा धसका. मोटारसायकलचा आवाज गल्लीत आला की पोरे पुस्तके गुंडाळून आतल्या खोलीत जातात. फाटकाची कडी कशी वाजली यावरून बायकोला आजची रात्र कशी जाणार हे कळते. दहा-पंधरा वर्षे असे कान टवकारून जगलेले शरीर नवऱ्याने महिनाभर दारू सोडली म्हणून सैल पडत नाही. तो म्हणतो, 'महिना झाला, अजून तोंडाचा वास घेतेस?' त्याचे दुखणे खरे आहे आणि तिची भीतीही खरी आहे. यावर निघणारा मार्ग असा: दिवसातून वीस वेळा संशयाने बघण्याऐवजी दोघांनी मिळून एकच तपासणी ठरवायची. रात्री जेवणानंतर तो गोळी तिच्यासमोर घेईल, ती वहीत खूण करेल, आणि त्यानंतर खिसे चाचपणे, फोन उघडणे, श्वास हुंगणे बंद. माफी मागितली म्हणून विश्वास त्याच दिवशी मागू नये.

हद्द आखणे म्हणजे काय, हे सीमाभागातल्या शेतकऱ्याला बांधावरून लवकर कळते. बांध आपल्या रानाच्या कडेला असतो, शेजाऱ्याच्या रानाच्या मध्ये नसतो. 'तू पिऊ नकोस' ही हद्द नव्हे. ते दुसऱ्याच्या रानात नांगर घालणे झाले, आणि ते कुणालाच जमत नाही. 'तुम्ही पिऊन आलात तर त्या रात्री मी मुलांना घेऊन वरच्या खोलीत झोपेन, आतून कडी लावेन, आणि सकाळी बोलेन' ही हद्द. यात ती स्वतः काय करणार हे आहे, कधी करणार हे आहे, आणि उद्याच करता येण्याजोगे आहे. हे तो शुद्धीत असताना, शक्यतो सकाळी, एकदाच, शांतपणे सांगायचे. पिऊन आल्यावर काही समजावायचे नाही. तेव्हाचे बोलणे त्याच्या लक्षात राहत नाही आणि मारामारीला निमित्त मिळते.

हद्दी मोडतात कशा, तेही ठरलेले आहे. पहिली चूक म्हणजे पाळता न येणारी धमकी. 'पुन्हा प्यालात तर कायमची माहेरी जाईन' असे वर्षात चाळीस वेळा म्हटले की शब्दाला किंमत राहत नाही. लहान हद्द धरा, पण ती चाळीसच्या चाळीस वेळा पाळा. दुसरी चूक बांध कोरण्याची. शेजारी दरवर्षी नांगराची एक ओळ जास्त मारतो आणि दहा वर्षांत हातभर रान जाते, तसेच 'आज पगार आहे', 'आज यात्रा आहे', 'आज भाऊ आलाय' अशा एकेका सवलतीने हद्द सरकते. तिसरी चूक घरातच फूट. बायकोने बारची उधारी भरायची नाही असे ठरवले, तर सासूबाई आपल्या पेन्शनमधून भरतात. आईच्या पोटी माया असते, तिला दोष देऊ नये, पण समुपदेशकाकडे जाताना तिला बरोबर न्यावे. नाहीतर सगळे व्यर्थ. आणि एक आधीच सांगून ठेवले पाहिजे: हद्द लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे वागणे सुधारण्याऐवजी बिघडते. आरडाओरडा वाढतो, रडणे वाढते, 'मी मरतो' ऐकावे लागते. आजवर ओरडल्यावर दार उघडत आले आहे, तेव्हा पिणारा आणखी जोराने ओरडून बघतो. इथे एकदा दार उघडले तर किती जोराने ओरडावे लागते एवढेच तो शिकतो. मरणाची धमकी मात्र कधीच नाटक समजू नये. तेव्हा एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पांघरूण घालणे हा आपल्या घरांचा मोठा दुर्गुण आहे, आणि तो मायेपोटीच होतो. कारखान्यात 'ताप आहे' म्हणून फोन करणे, मोडलेले सामान सकाळी पोरे उठायच्या आत उचलणे, बापाला आणायला मुलाला बारमध्ये पाठवणे. मुलाला कधीच पाठवू नये. थोरल्या मुलीला घराची आई करू नये. मुलांना सोप्या शब्दांत सांगावे: बाबांचा हा आजार तुझ्यामुळे झाला नाही, तो बरा करणे तुझे काम नाही, आणि त्याबद्दल शाळेतल्या बाईंना सांगितलेस तर घराची अब्रू जात नाही.

पैशाच्या हद्दीचे व्यावहारिक बघू. उसाचे बिल एकगठ्ठा येते आणि तोच आठवडा सर्वांत धोक्याचा. बिल जमा व्हायच्या आधीच सोसायटीचा हप्ता, खताची उधारी, मुलांची फी यांची यादी दोघांनी मिळून करावी आणि त्याच दिवशी भागवावी. पहिले तीन महिने त्याच्या खिशात त्या दिवसापुरतीच रक्कम राहील, हे त्याने स्वतः मान्य केलेले असावे. लादले तर तो उधारीवर पितो. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2,000 रुपये बाईच्या खात्यात येतात. ते कार्ड आणि पिन तिच्याकडेच राहावे. दुकानदाराला घरच्यांनी एकदाच स्पष्ट सांगावे की यापुढची उधारी आम्ही भरणार नाही. आणि सांगितल्यावर भरू नये.

सोडणाऱ्याने स्वतःच्या हद्दी आखायच्या असतात, त्याही अशाच नेमक्या. लक्ष्मीची यात्रा, हळदीची रात्र, मटणाचे जेवण. नकार जितका लांब तितका कच्चा. 'घेत नाही, गोळ्या चालू आहेत' एवढे पुरे. ताटावर बसायचे, जेवण झाले की निघायचे, आणि गाडी स्वतःची किंवा सोबतीला असा एक जण ज्याला हे माहीत आहे. पहिल्या वर्षी एखाद्या यात्रेला गेलाच नाही तर देव कोपत नाही. इकडे ड्राय डे असला की महाराष्ट्राच्या सीमेवरच्या शिनोळीच्या पलीकडे जाणारे मित्र असतात. त्या गाडीत बसायचेच नाही, गप्पा मारायलासुद्धा. नवरा-बायकोच्या संबंधांतही हद्द आहे: वास येत असताना नाही म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि शुद्धीत असतानाही आहे.

मारहाण होत असेल तर वरचे सगळे बाजूला ठेवावे. हातात काठी असलेल्या माणसापुढे हद्द सांगणे धोक्याचे असते. तिथे आधी बाहेर पडण्याची तयारी. आधार, रेशन कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले, औषधे आणि थोडी रोकड अशी एक पिशवी शेजारणीकडे ठेवावी. तिच्याशी एक खूण ठरवावी. तातडीला 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर कुणाच्या नावावर आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. त्यासाठी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जावे. त्याचे बालपण वाईट गेले हे समजून घेता येते. त्यासाठी मार सोसायची गरज नाही.

केंद्रात ठेवायचे तर आधी केंद्र बघून यावे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे अशा केंद्राची नोंदणी लागते. प्रमाणपत्र भिंतीवर मागावे. डॉक्टर रोज येतात का, रात्री कोण असते, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारावे. स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्याला इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर कलम 89 खाली एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांची वेगवेगळी तपासणी लागते आणि मुदत 30 दिवसांपर्यंत. कलम 95 ने साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. रात्री चौघे येऊन माणसाला गाडीत कोंबून नेतात, हे घरच्यांना सुटकेसारखे वाटते. पण असा माणूस आणखी एक धसका घेऊन घरी येतो आणि ज्यांनी गाडी बोलावली त्यांच्यावर त्याचा विश्वास उरत नाही.

आपल्याकडचे बरेच जण कोल्हापूर, मिरज, सांगलीकडच्या केंद्रात जातात, कारण तिथे मराठी बोलले जाते. त्यात चूक काही नाही. अडचण नंतरची: केंद्र एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात, आणि पाठपुरावा कुठेच नाही. निघताना डिस्चार्जचा कागद घ्यावा. त्यावर औषधांची मूळ नावे, मात्रा आणि ती कधीपर्यंत घ्यायची हे लिहून घ्यावे आणि पहिल्या आठवड्यातच तो कागद आपल्या तालुका रुग्णालयात दाखवावा. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येण्याची व्यवस्था आहे. अवघड रुग्णासाठी धारवाडचे डिम्हान्स, म्हणजे तिथली सरकारी मानसिक आरोग्य संस्था, जवळ आहे. फोनवर विचारायचे तर मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446, दोन्ही मोफत.

परत प्याला तर काय, हे आधीच, शुद्धीत असताना कागदावर लिहून ठेवावे. त्या रात्री कुणीही भांडणार नाही. सकाळी तो स्वतः सांगेल, कुणाला फोन करायचा ते नाव ठरलेले असेल, 24 तासांत डॉक्टर. पुन्हा रोज प्यायला लागला असेल तर पुन्हा एकदम थांबवायचे नाही, पहिल्या चार दिवसांचे सगळे नियम परत लागू. आधीचे सत्तर दिवस वाया गेले असे म्हणू नये. कुठल्या दिवशी, कुणाबरोबर, किती वाजता हे बघावे, म्हणजे भेग कुठे होती ते सापडते. बायकाही पितात, गोळ्या खातात, आणि त्यांना तर कुणी दवाखान्यातही नेत नाही. त्यांच्यासाठी हे सगळे तसेच लागू आहे.

आमच्या दोन मागण्या आहेत. धसक्याची गोष्ट माणूस दुसऱ्या भाषेत सांगू शकत नाही. कन्नड येणारा खानापूरचा शेतकरी बी-बियाण्याचा व्यवहार कन्नडमध्ये करेल, पण लहानपणी काय झाले ते तो आईच्या भाषेतच सांगेल, नाहीतर गप्प बसेल. ज्या तालुक्यांत मराठी वस्ती मोठी आहे तिथल्या सरकारी रुग्णालयांत मराठी येणारा किमान एक समुपदेशक आणि व्यसनावरची मराठी माहितीपत्रके जिल्हा प्रशासनाने द्यावीत. कन्नड भाषकांना सीमेपलीकडे चंदगड, गडहिंग्लजमध्ये हीच अडचण येत असेल तर तिथे कन्नडमध्ये द्यावीत.

दुसरी मागणी आपल्याकडे. आपल्या दैनिकाने दर सोमवारी एक लहान चौकट छापावी: उद्या कुठल्या तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ किती ते किती बसणार, बरोबर काय न्यायचे, आणि वरचे दूरध्वनी क्रमांक. त्या आठवड्याला कुणाच्या घरात कोण ती चौकट कापून पदराला बांधेल, हे आपल्याला कळणार नाही. वेळा जमवून दर रविवारी दुपारपर्यंत आपल्या कार्यालयात आणून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

आपले,
व्यसनमुक्तीचे काम करणारे काही समुपदेशक व परिचारिका,
बेळगाव-खानापूर